पारध्याचें अन्नदान

अन्नदानासारखें निर्विवाद पुण्य नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. द्रव्यदानाच्या बाबतींत पात्रापात्राची चर्चा होते, विद्यादानाच्या बाबतींतहि ती होते. परंतु भुकेल्यापुढें अन्न ठेवणाऱ्याला ‘तूं हें कशासाठीं ठेविलेंस?’ असें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यांतून घेणारा मुका प्राणी असला म्हणजे तर शंकेला जागाच उरत नाहीं. मुंग्यांना साखर घालणारी आजी, गाईला घांस देणारा वाटसरू, चिमण्यांसाठीं अंगणांत कण्या टाकणारी सून, यांच्या हेतूची चौकशी करण्याचें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. म्हणूनच, जेथें प्राण्याला अन्न घालणारा आणि त्याचा प्राण घेणारा हे दोघेहि एकच असतात, तेथें आपली नीतिबुद्धि क्षणभर गोंधळते. असें एक स्थळ आज पृथ्वीच्या पाठीवर आहे, आणि तेथें जें चाललें आहे त्यापासून दानाच्या स्वरूपाविषयीं पुष्कळ शिकण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सास संस्थानाच्या दक्षिण भागांत, सॅन अँटोनिओ शहरापासून रिओ ग्रांदे नदीपर्यंत, काटेरी झुडपांचा एक विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. नगर-सोलापूरकडील मनुष्याला तेथें नेऊन उभें केलें तर ती भूमि त्याला अगदींच परकी वाटणार नाहीं. तेथील मेस्किट ही आपल्या माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. देवबाभूळ आणि फड्या निवडुंग हीं तर मूळचीं अमेरिका खंडाचींच. पाऊस बहुतेक भागांत वर्षाकाठीं वीस-पंचवीस इंच, आणि तोहि लहरी. मे-जून महिन्यांत एकदां व सप्टेंबरांत एकदां तो बरा पडतो. मधले जुलै-ऑगस्ट महिने होरपळून काढतात. ह्या झुडपांत पांढऱ्या शेपटीचें हरिण राहतें. एकट्या टेक्सासांत त्याची संख्या पन्नास लाखांहून अधिक आहे. त्या संस्थानांतील शेंकडा पंचाण्णवांहून अधिक भूमि खाजगी मालकीची असल्यामुळें हरिणाची शिकार करावयाची तर बहुधा कोणा तरी जमीनदाराला भाडें मोजावें लागतें. आणि पुष्कळ जमीनदारांना गुरांइतकाच, किंवा गुरांहूनहि अधिक, ह्या भाड्याचा आधार असतो.

तेव्हां हे जमीनदार हरिणांसाठीं शेत पेरतात. हिवाळ्यासाठीं ओट वगैरे धान्यें पेरण्याची चाल निराळी. आमचें लक्ष वेधलें तें उन्हाळी पेरणीनें. कारण ह्या पेरणीचीं मुख्य पिकें म्हणजे आपली चवळी आणि आपला वाल! ज्याच्या डाळिंब्यांची उसळ कोंकणांतील घरोघर आवडीनें होते, त्याच जातीचा वेल तेथें लॅबलॅब ह्या नांवानें हरिणांच्या मुखीं जातो. त्याचें मूळ खोल जातें, एकदां तग धरल्यावर तो कोरड सोसतो, आणि त्याच्या पानांत पांचव्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनें असतात. कोरडवाहू शेतीचे जे नियम आपला शेतकरी जाणतो तेच तेथेंहि पाळावे लागतात. हिवाळ्यांत व वसंताच्या आरंभीं जमीन पडीत ठेवून, कुळवाच्या पाळ्या घालून, तण मारावयाचें व पडलेला थेंब न् थेंब मातींत मुरवावयाचा. जमीन उबदार झाली म्हणजे ओल साधून पेरावयाचें. ओळींत हातभर-दोन हात अंतर ठेवून कोळपणी करावयाची. एवढें करूनहि निम्मी लढाई उरतेच. रोप दोन पानांवर येतें न येतें तोंच हरिणें त्याचा फडशा पाडतात, आणि कोंवळेपणींच खुडलेली चवळी सहसा पुन्हां फुटत नाहीं. म्हणून पीक अंगीं धरीपर्यंत कांहीं आठवडे विजेच्या तारांचें कुंपण घालावें लागतें, अथवा खाऊन उरेल इतकें मोठें क्षेत्र पेरावें लागतें. ज्याच्यासाठीं पेरलें त्यालाच आधीं हाकलावें लागावें, हा ह्या शेतीचा पहिला चमत्कार होय.

हा सारा खटाटोप उन्हाळ्यांत कां, याचें उत्तर हरिणाच्या जीवनक्रमांत आहे. जून-जुलैच्या सुमारास माद्या वितात. पाडसाला दूध पाजणाऱ्या मादीला ह्याच महिन्यांत सर्वांत अधिक पोषण लागतें. नराचीं शिंगें दर वर्षीं गळून नवीं येतात, आणि त्यांची वाढ वसंतापासून ऑगस्टपर्यंत चालते. नेमक्या ह्याच काळांत रानांतील कोंवळा पाला करपूं लागतो. तेव्हां वालाच्या पाचुंद्या पाल्यानें पाडसें जगतात आणि शिंगें भरदार होतात. पुढें नोव्हेंबर महिना उजाडला कीं शिकारीचा मोसम सुरू होतो. जितकें शिंग मोठें तितकें भाडें मोठें, हें सांगावयास नकोच.

ही हकीकत ऐकतांच आपल्या तोंडून निर्णय बाहेर पडतो : हें शुद्ध कपट आहे! आणि ह्या निर्णयाला आपल्या देशांत फार जुना आधार आहे. पाली वाङ्मयांत ‘निवाप’ असा एक शब्द आहे. हरिणांना भुलविण्यासाठीं पारधी जें गवत वा धान्य पेरतो त्याचें तें नांव. मज्झिमनिकायांतील निवापसुत्तांत बुद्धानें ह्यावर एक दीर्घ दृष्टांत रचिला आहे. तेथला पारधी हरिणांनीं सुखी व दीर्घायु व्हावें म्हणून पेरीत नाहीं. खाऊन तीं बेसावध व्हावींत म्हणून पेरतो. हरिणांचा पहिला कळप खाऊन माजतो व सांपडतो. दुसरा कळप शहाणा होऊन रानांत निघून जातो. पण ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यांत चारापाणी आटलें म्हणजे हाडें वर येऊन, निरुपायानें, त्याच शेताकडे परततो आणि सांपडतो. तिसरा कळप शेताजवळ दडून बेतानें खातो, तरीहि जाळ्यांत येतो. पारधी पोंचूं शकत नाहीं अशा ठिकाणीं राहणारा चौथा कळप तेवढा सुटतो. दृष्टांताचा रोख साधकाच्या विषयोपभोगाकडे आहे हें खरें. तथापि त्यांतील दुसऱ्या कळपाचें चित्र आमच्या मनांतून जात नाहीं. पारध्याचें खरें शस्त्र जाळें नव्हे, खरें शस्त्र उन्हाळा आहे, हें त्या प्राचीन उपदेशकानें किती अचूक हेरलें होतें!

परंतु टेक्सासचा जमीनदार म्हणजे हुबेहूब तो नेवापिक पारधी, असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. उन्हाळी वाल ज्या महिन्यांत उभा असतो त्या महिन्यांत बंदूक भिंतीवर टांगलेली असते. ज्या पाडसानें जुलैंत तो पाला खाल्ला त्यापैकीं पुष्कळांच्या वाट्याला गोळी कधींच येत नाहीं. अमेरिकेंतील अनेक संस्थानांच्या कायद्यांनींहि असाच कांहींसा भेद केला आहे. पोत्यांतून मका ओतून त्यावर टपून बसणें त्यांनीं निषिद्ध ठरविलें आणि शेतांत उभें असलेलें पीक मात्र क्षम्य मानिलें. टेक्सासांत खाजगी भूमीवर दोन्ही चालतात. ह्या भेदांत केवळ वकिली बारकावा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ओतलेला मका एका क्षणासाठीं असतो व त्याचें प्रयोजन त्या क्षणींच संपतें. पेरलेल्या शेतांत मातीची काळजी येते, ऋतूंची वाट पाहणें येतें, अपयश सोसणें येतें. जो एवढें करतो त्याचा भक्ष्याशीं कांहीं तरी संबंध जडतो.

आणखी एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. १९०० सालाच्या सुमारास संबंध संयुक्त संस्थानांत ह्या जातीचीं हरिणें पांच लाखांच्या आंतच उरलीं होतीं; बाजारांत मांस व कातडीं विकण्यासाठीं त्यांची बेसुमार कत्तल झाली होती. १९०० सालच्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरसंस्थानी व्यापाराला बंदी केली, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविलें. आज त्या देशांत हीं हरिणें सुमारें तीन कोटि आहेत. म्हणजे ज्यांनीं त्यांना वांचविण्याचा खर्च सोसला त्यांत शिकाऱ्यांचा वांटा मोठा आहे. शिकारीचा तिटकारा करणाऱ्या आम्हां पुस्तकी मंडळींना ही गोष्ट गिळावयास जड जाते. पण जड जाते म्हणून ती खोटी ठरत नाहीं.

मग ह्या कृत्याची परीक्षा करावी तरी कोणत्या कसोटीनें? पाश्चात्य तत्त्वज्ञांकडे पाहावें तर ते दोन दिशांना ओढतात. कोणाहि व्यक्तीला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हा कान्टचा नियम विवेकशील जीवांपुरताच आहे. हरिण त्याच्या कुंपणाबाहेर राहतें. बेन्थॅमनें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दुःख भोगण्याची क्षमता हीच कसोटी धरिली. तिच्या आधारानें शिकारी असेंहि म्हणूं शकेल कीं, उपासमारीच्या मरणापेक्षां माझी गोळी दयाळू आहे. आम्हांस आपल्या घरचीच कसोटी अधिक उपयोगी वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांत प्रत्युपकाराची अपेक्षा ठेवून दिलेलें दान राजस ठरतें. आणि सात्त्विक दानासाठीं देश, काल व पात्र हीं तीनहि पाहावयास सांगितलीं आहेत. हेतूच्या दृष्टीनें जमीनदाराचा निकाल झटपट लागतो : त्याला शिंगांची अपेक्षा आहे, तेव्हां त्याचें दान फार तर राजस. पण आमच्या मतें खरी परीक्षा हेतूच्या प्रश्नांत नाहीं. ती ‘काल’ ह्या लहानशा शब्दांत आहे.

कारण ह्या शेतीचें एक मर्म असें आहे कीं, जेव्हां तिची गरज नसते तेव्हांच ती उत्तम पिकते. पाऊस वेळेवर झाला म्हणजे वाल गुडघ्यापर्यंत येतो. परंतु त्याच पावसानें सारें रानहि हिरवें झालेलें असतें, नाना प्रकारची पालेदार रोपें माजलेलीं असतात, आणि हरिणाला वालावांचून अडत नाहीं. पाऊस दडी मारतो त्या वर्षीं रान उघडें पडतें, माद्यांचें दूध आटतें, आणि त्याच वर्षीं शेतांतलें बीं मातींतच जळून जातें. ऑक्टोबर २०१० ते सप्टेंबर २०११ हे बारा महिने टेक्सासच्या नोंदींतील सर्वांत कोरडे ठरले. तशा वर्षीं कोरडवाहू वालाचें शेत कोणाचें पोट भरणार? सुकाळांत पान वाढावें आणि दुष्काळांत दार लावावें, अशा यजमानासारखी ह्या शेताची गत आहे.

येथें कोणी म्हणेल, पाऊस न पडणें हा शेतकऱ्याचा अपराध कसा? अपराध नव्हेच. परंतु मधल्या सुकाळांत काय घडलें तें पाहा. चार वर्षें भरपूर पाला मिळाल्यानें पाडसें अधिक जगलीं, कळप वाढला. पांचव्या वर्षीं दुष्काळ आला तेव्हां ओरबाडणारीं तोंडें पूर्वींपेक्षां अधिक, आणि रान मात्र पूर्वींइतकेंच. तीं जास्तीचीं तोंडें कोणीं निर्माण केलीं? ज्यानें अन्न घातलें त्यानें. अन्न घालण्यानें घेणारा देणेकऱ्याचा मिंधा होतो अशी आपली समजूत आहे; येथें नेमकें उलट झालें. देणाराच ऋणी झाला.

ही कल्पना चमत्कारिक वाटेल, पण ती आपल्या समाजाला अपरिचित नाहीं. पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. गुरुवार एका घरीं, शुक्रवार दुसऱ्या घरीं. ज्या गृहिणीनें गुरुवार पत्करला तिच्या घरीं त्या दिवशीं पाहुणे असोत, आजारपण असो, कीं डब्यांत पीठ कमी असो, तिला ‘आज नको’ म्हणण्याची सोय नव्हती. कारण त्या मुलानें तिच्या शब्दावर भरंवसून त्या दिवसाची दुसरी तजवीज केलेली नसे. एकदां वाटेवर भेटलेल्या भिकाऱ्याला भाकरी देणें हें दान. वार देणें हें दान नव्हे, तें व्रत. दोहोंतील भेद अन्नाच्या मोलाचा नाहीं, देणाऱ्यानें स्वतःला बांधून घेण्याचा आहे. जो दुसऱ्याचें जीवन आपल्या हातांतील घांसावर अवलंबून राहील असें करतो, त्याच्यावर अडचणीच्या दिवसाचें ऋण आपोआप चढतें. मग त्यानें तें तोंडानें कबूल केलें असो वा नसो.

हें ऋण ओळखणारे लोक टेक्सासांतहि आहेत, आणि तेथील जाणते वनशास्त्रज्ञ जमीनदारांना जो उपदेश करतात तो नीतिशास्त्राच्या भाषेंत मांडला तर एवढाच होतो कीं, शेताचा तुकडा पेरून रानाचें ऋण फिटत नाहीं. गुरें कमी ठेवावींत, म्हणजे हरिणाच्या आवडीचीं रोपें रानांतच टिकतील; कांहीं झुडूप बेतानें तोडावें, कांहीं विधिपूर्वक जाळावें; आणि कळपाची संख्या सुकाळाच्या मापानें न राखतां दुष्काळाच्या मापानें राखावी. ह्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या ऑल्डो लिओपोल्डनें १९३३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें तें हेंच कीं, ज्या साधनांनीं मनुष्यानें रान बिघडविलें त्याच साधनांचा विवेकानें उपयोग करून तें सुधारतां येतें. संख्येकडे डोळेझांक करणारी दया किती क्रूर होते याचें उदाहरण ॲरिझोनांतील कैबाब पठारावर त्यापूर्वींच घडलें होतें. १९०६ सालीं तें पठार हरिणांसाठीं राखीव झालें, हिंस्र पशूंचा तेथें संहार करण्यांत आला, आणि वाढलेलीं हरिणें १९२० नंतरच्या हिवाळ्यांत उपाशी मेलीं. त्यांच्या संख्येविषयीं अभ्यासकांत वाद आहे, उपासमारीविषयीं नाहीं.

एकाच जागीं पुष्कळ तोंडें जमविण्याचा दुसराहि धोका आहे. हरिणांना झिजवून मारणारा मेंदूचा एक असाध्य रोग १९६७ सालीं कोलोराडोंत प्रथम आढळला व २०१२ सालीं टेक्सासांत पोंचला. लाळेवाटे तो पसरतो; म्हणून मक्याच्या राशीभोंवतीं दाटी होऊं देणें म्हणजे वाढलेल्या पानांतच विष कालविण्यासारखें होय. आणि जेथें जमीनदारानें आठ फूट उंच जाळीचें कुंपण घालून हरिणांची ये-जा बंद केली, तेथें तर ऋण पूर्ण झालें. मोकळ्या हरिणाला निदान दुसरें रान धुंडाळण्याचा अधिकार होता. जाळीच्या आंतलें हरिण दावणीच्या गुराहून निराळें नाहीं. त्याच्या प्रत्येक उपासाचा जबाब मालकानें दिला पाहिजे.

तथापि हें सारें ऋण चोख फेडणारा जमीनदार भेटला, तरी शेवटीं एक बाकी उरतेच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा बाण तपस्वी अडवितात, तो हरिण आश्रमाचा आहे म्हणून; आणि चौथ्या अंकांत जें पाडस शकुंतलेची वाट अडवितें तें तिनें श्यामाकाच्या मुठी भरवून वाढविलेलें असतें. कालिदासाच्या मनांत हीं दोन दृश्यें एकाच सूत्रानें बांधलेलीं असावींत असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे : ज्याला आपल्या हातचें खाऊं घातलें त्याच्यावर शस्त्र उचलावयाचें नाहीं. टेक्सासच्या करारांत हें कलम नाहीं, आणि करारांतील दुसऱ्या पक्षाला तर करार झाल्याची वार्ताहि नाहीं. म्हणून त्या जमीनदाराकडे आमचें एवढेंच मागणें राहील कीं, त्यानें आपल्या कृत्याला दान म्हणूं नये. शेती म्हणावें, संवर्धन म्हणावें, व्यापार म्हणावा. हीं सर्व प्रतिष्ठित नांवें आहेत. मांस खाणाऱ्या जगांत प्रामाणिकपणें शेती करणारा मनुष्य आम्हांस निंद्य वाटत नाहीं. निंद्य वाटतो तो, जो सुकाळांतील पाल्याचें पुण्य आपल्या नांवावर मांडतो आणि दुष्काळांतील मरणें दैवाच्या नांवावर.

आणि ही निंदा करतांना आपला हात आपल्या घरच्या हिशेबावर ठेवून पाहावा, हें बरें. २०२५ सालीं मुंबईंत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढें वादळ उठलें! एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचीं फुप्फुसें. त्या वादांत मूठभर दाणे टाकणारा भाविक स्वतःला हरिणांच्या शेतकऱ्याहून फार श्रेष्ठ समजत होता, कारण त्याच्या हातांत बंदूक नव्हती. पण त्याच्या दाण्यांनीं वाढलेल्या थव्याचें पुढें काय होतें, तो कोणाच्या खिडकींत बसतो, दाणे बंद पडले तर तो कोठें जाईल, हे प्रश्न त्यानें स्वतःला विचारले होते काय? घाटांतून मोटारीनें जातांना माकडांना केळीं फेंकणारीं आपलीं सुशिक्षित कुटुंबें घरीं पोंचेपर्यंत तो प्रसंग विसरून जातात. माकड विसरत नाहीं. तें दुसऱ्या दिवशीं पुन्हां रस्त्यावर येऊन बसतें, आणि भरधांव येणारी दुसरी मोटार त्याच्यासाठीं केळें घेऊन येत आहे कीं मरण, हें त्याला कळण्याचा मार्ग नसतो. हेतूच्या कसोटीला आपण उतरलों. कालाच्या कसोटीला मात्र तो शिंगांचा लोभी जमीनदारच कदाचित् आपल्याहून अधिक उतरेल, कारण त्याला निदान पुढच्या उन्हाळ्याची चिंता करावी लागते.

दया ही मनाची एक ऊर्मि आहे. ती उत्तम आहे, पण ती क्षणाची आहे. पोट रोजचें असतें. ज्याच्या दयेला उद्यांच्या दिवसाची आठवण नाहीं त्यानें दुसऱ्याच्या पोटाशीं नातें जोडूं नये. आणि जोडलेंच, तर पाऊस न पडलेल्या वर्षींहि तें आपलेंच नातें आहे, हें मनाशीं पक्कें करून मगच पाभरींत बीं टाकावें.